एकोणपन्नास षटकें

शाळेच्या वार्षिक अंकांत आम्हीं क्रिकेटवर कांहीं लिहावें, असा विद्यार्थ्यांनीं यंदा आग्रह धरला. मराठी शिकविणाऱ्या मास्तरांचा त्या खेळाशीं संबंध काय, असें पालकांपैकीं कोणी विचारतील. संबंध एवढाच कीं, शाळेच्या संघाबरोबर मैदानावर जाण्याचें काम पुष्कळ वर्षें आमच्याकडे आहे, आणि तें करीत असतां आमच्या हातून एक चूक घडली. तिची हकीकत एकदां लिहून टाकावी असें मनानें घेतलें आहे. परंतु त्या चुकीचा उगम एका गोष्टींत आहे, व ती गोष्ट आम्हांला आमच्या वडिलांकडून मिळाली. म्हणून आरंभ तेथूनच केला पाहिजे.

आमचे वडील परळच्या एका चाळींत लहानाचे मोठे झाले. १९६० सालच्या डिसेंबरांत चर्चगेटजवळच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर भारत व पाकिस्तान यांचा कसोटी सामना झाला, तेव्हां त्यांचें वय पंधरा वर्षांचें होतें. पहांटे उठावें, ट्रामनें बोरीबंदर गांठावें, तेथून पायीं मैदानावर जावें, आणि बरोबर पोळीभाजीचा डबा असावा; हा प्रवास ते इतक्या वेळां सांगत कीं आम्हां भावंडांना तो पाठ झाला होता. त्या सामन्यांत भारताचे आठ गडी बाद झाल्यावर दहाव्या क्रमांकाचा एक लहानखुरा खेळाडू बॅट घेऊन आला. उंची सव्वापांच फुटांच्या आसपास. आतां डाव आटोपलाच, असें समजून वडिलांनीं डबा उघडला. डबा संपला, हात धुऊन झाले, तरी तो लहानखुरा खेळाडू खेळतच होता! त्यानें ८५ धांवा केल्या, आणि नाना जोशी यांच्यासह नवव्या गड्यासाठीं १४९ धांवांची भर घातली. वडिलांच्या सांगण्यांत डबा कधीं लौकर संपे, कधीं उशिरां. धांवांचा आंकडा मात्र त्यांनीं कधीं चुकविला नाहीं.

हे खेळाडू म्हणजे रमाकांत देसाई. फलंदाजी हा त्यांचा व्यवसाय नव्हेच; ते भारताचे जलद गोलंदाज होते. 'टायनी', म्हणजे चिमुकला, असें त्यांचें टोपणनांव पडलें होतें. जलद गोलंदाज म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें ताडमाड देहाचा मनुष्य येतो. देसाई यांचा जन्म मुंबईंतला, १९३९ सालचा. आणि देह तर असा कीं, बसच्या रांगेंत उभे राहिले असते तर कोणी वळून पाहिलें नसतें. परंतु १९५८-५९ च्या हंगामांत ते प्रथमच मुंबईकडून रणजी सामने खेळले, आणि त्या एकाच हंगामांत त्यांनीं ५० बळी घेतले. मुंबईनें पुढें सलग पंधरा वर्षें तो करंडक आपल्याकडे ठेवला, त्याचा प्रारंभही त्याच वर्षीं झाला.

त्याच हंगामांत, १९५९ च्या फेब्रुवारींत, दिल्लीस वेस्ट इंडीजविरुद्ध ते पहिला कसोटी सामना खेळले. वय वर्षें एकोणीस. वेस्ट इंडीजनें ८ बाद ६४४ धांवांचा डोंगर रचून डाव सोडला. त्या एका डावांत या मुलानें (एकोणीस वर्षांच्या तरुणाला दुसरें काय म्हणावें?) ४९ षटकें टाकलीं व १६९ धांवांत ४ गडी बाद केले. ४९ षटकें म्हणजे २९४ चेंडू. दर चेंडूस वीस पावलें धांवणें व वीस पावलें परत चालणें धरलें, तरी बारा हजारांच्या जवळपास पावलें होतात. आणि चेंडू टाकण्याचे श्रम त्यांत धरलेलेच नाहींत. हा हिशेब आमच्या वडिलांचा. ते रेल्वेंत हिशेबनीस होते, त्यामुळें कोणत्याही पराक्रमाचा गुणाकार केल्यावांचून त्यांचें समाधान होत नसे.

ही गोष्ट वडिलांनीं आम्हांला सांगितली, व आम्हीं ती आमच्या विद्यार्थ्यांना सांगितली. वर्गांत सांगितली, मैदानावर सांगितली, सामन्याच्या आदल्या दिवशीं तर हटकून सांगितली. कष्टाला भिऊं नये, देह लहान असला तरी मन मोठें असावें, संघानें हांक मारली असतां नाहीं म्हणूं नये, असा बोध तिच्या अखेरीस आम्ही जोडीत असूं. मुलें डोळे विस्फारून ऐकत. त्यांत २०१२ सालीं पंधरा वर्षांचा एक मुलगा होता.

तो लालबागचा राहणारा. आजोबा गिरणीकामगार, १९८२ च्या संपांत त्यांची गिरणी सुटली ती सुटलीच. वडील एका गोदामांत नोकरीस होते. मुलगा डावऱ्या हाताचा, सडसडीत, व शाळेंत कोणालाही आवरणार नाहीं अशा वेगानें चेंडू टाकणारा. त्याच्या आदल्या वर्षींच, २ एप्रिल २०११ या दिवशीं, वानखेडे स्टेडियमवर भारतानें विश्वचषक जिंकला होता, आणि लालबाग-परळच्या गल्लीगल्लींतील प्रत्येक डावरा मुलगा स्वतःला झहीर खान समजत होता. आमच्या या विद्यार्थ्याचें तें समजणें मात्र अगदींच निराधार नव्हतें.

हॅरिस ढालीचा सामना आझाद मैदानावर होता. ज्यांनीं तें मैदान पाहिलें नाहीं त्यांना सांगतों कीं, तेथें एकाच वेळीं अनेक सामने चाललेले असतात, आणि एका सामन्यांतील क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाला पाठ लावून उभा असतो. त्या गर्दींत आमचा सामना रंगला. प्रतिपक्षाला थोड्याच धांवा हव्या होत्या, पण त्यांचे गडीही थोडेच उरले होते. त्या मुलानें सकाळीं नऊ षटकें टाकलीं होतीं. उपाहारानंतर कर्णधारानें त्याला पुन्हां चेंडू दिला, आणि तो परत घेतलाच नाहीं. दर दोन-तीन षटकांनंतर कर्णधार सीमारेषेकडे, म्हणजे आमच्याकडे पाही. तोही सोळा वर्षांचा पोर; त्याला कोणीतरी मोठ्या माणसानें हो म्हणावयास हवें होतें. आम्ही मान हलवीत होतों. एकदां पाणी घेऊन आम्ही स्वतः आंत गेलों व त्या मुलाला विचारलें, "दमलास का रे?" त्यानें बाहीनें कपाळ पुसलें आणि म्हटलें, "सर, देसायांनीं एकोणपन्नास टाकलीं होतीं ना?" आम्हांला भरून आलें. आपली शिकवण मुलांत उतरली, याचा केवढा अभिमान त्या क्षणीं वाटला, तें आज लिहितांना शरम वाटते.

सामना आम्हीं अकरा धांवांनीं जिंकला. धांवांच्या वहींत त्याच्या नांवापुढें तेवीस षटकें लिहिलेलीं होतीं.

पाठ दुखते असें त्यानें तीन आठवडे कोणाला सांगितलें नाहीं. पुढें वांकून बुटाची नाडी बांधतां येईना, तेव्हां आईच्या लक्षांत आलें. परळच्या एका रुग्णालयांत पाठीचीं चित्रें काढलीं, तेव्हां कण्याच्या खालच्या भागांतील एका मणक्याला केसासारखी बारीक चीर गेलेली दिसली. डॉक्टर मोठे समजूतदार होते. त्यांनीं आम्हांला कागदावर आकृति काढून दाखविली. जलद गोलंदाज चेंडू सोडतो त्या क्षणीं त्याचा पुढचा पाय जमिनीवर आपटतो. त्या आघातांत देहाच्या वजनाच्या कित्येक पट भार पायांतून कण्यांत चढतो, आणि त्याच वेळीं कणा मागें व बाजूला वांकलेला असून पिळला जात असतो. प्रौढाचें हाड हें सोशील. वाढत्या वयांतलें हाड अद्याप पुरतें पक्कें झालेलें नसतें. एका चेंडूनें कांहीं होत नाहीं. शेंकडों चेंडू, आणि मध्यें विसांवा नाहीं, म्हणजे हाड थकतें. हाड थकतें, हे शब्द आम्हीं तेव्हां प्रथमच ऐकले. इंग्लंडांत शाळकरी जलद गोलंदाजानें सलग किती व दिवसांत किती षटकें टाकावींत, याला वयाप्रमाणें मर्यादा घातलेली आहे, हेंही आम्हांला तेथेंच कळलें. आम्ही मराठीचे शिक्षक, हें कारण डॉक्टरांना सांगण्याचें धैर्य झालें नाहीं.

त्यानंतर आम्ही देसाई यांच्या कारकीर्दीचा पुढचा भाग वाचावयास घेतला. वडिलांची गोष्ट ४९ षटकांवर व ८५ धांवांवर संपत असे. आम्हींही ती तेथेंच संपवीत आलों होतों. मनुष्य मात्र तेथें संपलेला नव्हता.

दिल्लीच्या सामन्यानंतर चार महिन्यांनीं देसाई इंग्लंडांत होते. तेथें लॉर्ड्सवर त्यांनीं ८९ धांवांत ५ बळी घेतले. भारत तो सामना हरला, आणि त्या मालिकेंतील पांचही सामने हरला. जोडीला सुरेंद्रनाथ होते, पण खऱ्या वेगाचे असे देसाई एकटेच. १९६०-६१ मध्यें पाकिस्तानाविरुद्धचे पांचही सामने अनिर्णित राहिले. त्या निर्जीव खेळपट्ट्यांवर त्यांनीं २१ बळी घेतले, आणि हनीफ महंमदसारख्या चिवट फलंदाजाला पुनःपुन्हां परत पाठविलें. येथपर्यंत चढण. मग कधीं संघांत, कधीं संघाबाहेर. १९६५ च्या मार्चमध्यें मुंबईंत न्यूझीलंडविरुद्ध त्यांनीं ५६ धांवांत ६ गडी बाद केले. उत्तरादाखल आपला सारा संघ ८८ धांवांत कोसळला, व दिलीप सरदेसाई यांच्या नाबाद २०० धांवांनीं कशीबशी अब्रू वांचली. देसाई यांचे ते सहा बळी त्या गडबडींत बहुतेकांच्या स्मरणांतून गेले. दोन वर्षांनीं भारतीय क्रिकेटनें वेगाचा नादच जवळजवळ सोडला. १९६७ सालीं बर्मिंगहॅमला चार फिरकी गोलंदाज खेळविले, आणि नवा चेंडू कोणाच्या हातीं दिला? यष्टिरक्षक म्हणून प्रसिद्ध असलेल्या बुधी कुंदरन यांच्या!

शेवट न्यूझीलंडांत झाला. १९६८ च्या फेब्रुवारींत डनेडिन येथें फलंदाजी करीत असतां मॉट्झचा चेंडू तोंडावर बसून देसाई यांचा जबडा मोडला. मोडक्या जबड्यानें ते खेळत राहिले, व त्यांनीं आणि बिशनसिंग बेदी यांनीं शेवटच्या गड्यासाठीं ५७ धांवा जोडल्या. भारतानें परदेशांत जिंकलेला तो पहिलाच कसोटी सामना. आणि देसाई यांचा तो शेवटचा. २८ सामने, ७४ बळी, वय अठ्ठावीस. ज्या वयांत जलद गोलंदाजाला आपल्या कलेची खरी समज येऊं लागते, असें जाणते म्हणतात, त्या वयांत यांचें दुकान बंद झालें होतें. पुढें ते निवड समितीचे अध्यक्ष झाले. १९९८ च्या एप्रिलमध्यें, साठ वर्षेंही पुरीं होण्यापूर्वीं, हृदयविकारानें त्यांचें निधन झालें.

आतां दिल्लीस त्यांना ४९ षटकें टाकावयास लावणाऱ्या कर्णधाराला दोष देणें फार सोपें आहे. परंतु त्या बिचाऱ्यापुढें तरी दुसरा कोण होता? समोर सहाशें धांवा चढत आहेत, आणि चेंडू घेण्यास आपण होऊन पुढें येणारा हात एकच आहे. अशा वेळीं जो नाहीं म्हणत नाहीं त्याच्याच खांद्यावर ओझें जातें. घरांत, कचेरींत, शाळेंत, सर्वत्र हेंच आम्हीं पाहिलें आहे. त्यांच्यापाशीं तशा वेगाचा दुसरा गोलंदाज नव्हता. आमच्यापाशीं मात्र त्या दिवशीं दुसरे तीन होते. ते मैदानावरच उभे होते. सामना हरूं नये, एवढ्यासाठीं आम्हांला ते दिसले नाहींत.

ज्याच्यासारखें होण्याची त्या मुलाची इच्छा होती, त्या झहीर खानाची वाट निराळी गेली, म्हणून थोडें त्याच्याविषयीं. तो श्रीरामपूरचा. कोवळ्या वयांत मुंबईस आला, क्रॉस मैदानावरील नॅशनल क्रिकेट क्लबांत सुधीर नाईक यांच्या नजरेखालीं तयार झाला, आणि रणजी सामने आरंभीं बडोद्याकडून खेळला. त्याचेही दिवस कांहीं सरळ गेले नाहींत. २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत त्याच्या पहिल्याच षटकांत १५ धांवा गेल्या. त्याच वर्षीं डिसेंबरांत ब्रिस्बेनला पांच बळी घेतले, आणि लगेच मांडीच्या मागचा स्नायु दुखावला. भारतीय संघांतली जागा गेली. मग २००६ सालीं तो इंग्लंडांत वूस्टरशायरकडून सारा हंगाम खेळला, ७८ बळी घेतले, आणि आपली धांव आंखूड करून परतला. ही आंखूड केलेली धांव आम्हांला त्याच्या सर्व बळींहून मोठी वाटते. आपल्यापाशीं शक्ति किती आहे हें मोजून, तेवढींतच काम कसें करावें, हें तो शिकला. २००७ मध्यें नॉटिंगहॅमला ९ बळी घेऊन त्यानें सामना जिंकून दिला. वानखेडेवरच्या त्या अंतिम सामन्यांत तर चढ आणि उतार एकाच दुपारीं पाहावयास मिळाले: पहिलीं तीन षटकें निर्धांव, पांच षटकांत केवळ ६ धांवा व एक बळी, आणि दहा षटकें संपलीं तेव्हां ६० धांवा गेलेल्या! गिरगांवांतल्या आमच्या चाळींत त्या पहिल्या पांच षटकांना टाळ्या वाजविणारे हातच शेवटीं कपाळावर गेले होते. त्यानंतर चार महिनेही झाले नाहींत, तोंच लॉर्ड्सच्या कसोटींत पहिल्याच दिवशीं तो लंगडत मैदानाबाहेर गेला.

त्याचा शेवटचा कसोटी सामना २०१४ च्या फेब्रुवारींत वेलिंग्टनला झाला. मॅकलमनें ३०२ धांवा केल्या त्या डावांत पस्तिशीच्या झहीरनें ५१ षटकें टाकलीं आणि १७० धांवांत ५ बळी घेतले. देसाई यांचीं पहिल्या सामन्यांत ४९ षटकें, १६९ धांवा व ४ बळी. याचीं शेवटच्या सामन्यांत ५१ षटकें, १७० धांवा व ५ बळी. वडील हयात असते तर हा योगायोग ऐकून त्यांनीं कागद-पेन्सिल मागितली असती. एकानें तो भार एकोणिसाव्या वर्षीं उचलला, दुसऱ्यानें ३११ बळींचा प्रवास पुरा करतांना उचलला. आंकडे जवळजवळ तेच. पण एक भार कारकीर्दीच्या उंबऱ्यावर पडला, दुसरा परसदारीं.

आम्ही त्या मुलाच्या घरीं लालबागला गेलों होतों, तें मध्येंच राहून गेलें. तो खाटेवर उताणा पडून होता. सहा महिने चेंडूला हात लावावयाचा नाहीं अशी आज्ञा होती. त्याच्या आईनें चहा केला. रागाचा एक शब्द कोणी बोललें नाहीं, त्यामुळें बसणें अधिकच कठीण झालें. आम्हीं क्षमा मागण्यास आरंभ केला तेव्हां आजोबांनीं हात वर करून थांबविलें. "मास्तर, मी साचेखात्यांत होतो," ते म्हणाले, "साचासुद्धां तेल घालायला बंद करायचे. पोरगं साच्यापेक्षां शहाणं, एवढंच. साचा बोलत नाहीं, हा बोलला नाहीं." मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. थोड्या वेळानें त्यानें विचारलें, "सर, देसाई पुढें किती वर्षं खेळले?" आम्हीं सांगितलें. त्या दिवशीं प्रथमच ती गोष्ट आम्हीं कोणाला शेवटपर्यंत सांगितली.

वर्षभरानें तो पुन्हां खेळूं लागला. जुना वेग आला नाहीं. पुढें त्यानें कॉलेज केलें, नोकरी धरली, आणि संथ चेंडू टाकण्यास शिकला. आमच्या शाळेच्या संघांत तेव्हांपासून एक लहान वही असते. कोणी किती षटकें टाकलीं तें तींत प्रत्येक सरावाला लिहिलें जातें, आणि ती भरण्याचें काम आमचें. दोन सामने आम्ही त्या वहीपायीं हरलों, असें कांहीं माजी विद्यार्थी म्हणतात. असतील.

कांगा लीगचे सामने भर पावसाळ्यांत होतात, हें मुंबईकरांना सांगावयास नको. दोन-तीन वर्षांपूर्वींच्या श्रावणांत, रविवारची उपासना आटोपून आम्ही गिरगांवाहून आझाद मैदानाकडे पायीं गेलों. गवत गुडघ्याला लागत होतें व मैदानाच्या एका टोंकाला पाण्याचें तळें सांचलें होतें. तोच मुलगा, आतां चांगला दाढी राखलेला, एका संघाचा कर्णधार होता. सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा चिखलांतून धांवत येऊन त्याच्याकडून जलद गोलंदाजी करीत होता. पायघोळ विजार चिखलानें माखलेली, आणि चेंडू खरोखर चांगला पडत होता. प्रतिपक्षाचे दोन गडी उरले होते. षटक संपल्यावर त्या पोरानें चेंडू हातांतच ठेवला व कर्णधाराजवळ जाऊन कांहीं विनवणी केली. काय बोलला तें आमच्यापर्यंत ऐकूं आलें नाहीं, पण मान कशी हलत होती तें ओळखीचें होतें. कर्णधारानें त्याच्या हातांतून चेंडू काढून घेतला, त्याला दूर सीमारेषेवर उभें केलें, आणि पुढचें षटक स्वतः टाकलें. त्यांत दोन चौकार गेले. सीमारेषेवरचा पोरगा कमरेवर हात ठेवून, तोंड फुगवून उभा होता. तो आमच्यापासून दहा पावलांवर होता. त्यानें वळून आम्हांला विचारलें, "काका, तुम्हीच सांगा, मी दमलोय असं दिसतंय का?"

आम्हीं छत्री मिटली व त्याला त्याचीं षटकें किती झालीं तें विचारलें.